आरतीला उठलेल्या सासूबाई आणि स्वस्तातले इअरफोन

मंडळी, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कानात बसणारे वायरवाले इअरफोन घ्यायचे मनात असेल, तर माझं आजचं ऐका.

माझ्या सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं. देवळात कीर्तनाला जाणं त्यांनी बंदच केलं. "बुवांचे नुसते ओठ बघायला कशाला जाऊ?" म्हणतात. म्हणून आज बाजारातून परवडतील असे साधेच इअरफोन आणले. मोबाईलवर गेल्या उत्सवातलं कीर्तन होतंच.

आधी मी लावून पाहिले. बुवांचा शब्द अगदी स्वच्छ येतो, झांजा मात्र जरा कर्कश वाटतात. मोठ्या रबरी टोप्या टोचल्या, छोट्या छान बसल्या.

जेवणं झाल्यावर सासूबाईंना झोपाळ्यावर बसवून त्यांच्या कानात घातले. "गुदगुल्या होतात गो," म्हणाल्या, मग गप्प ऐकत राहिल्या. मी शेजारी तांदूळ निवडायला बसले.

बऱ्याच वेळाने त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. मांडीवरचा मोबाईल घसरून वायरीला लोंबकळला, तरी कानातले काही निघाले नाहीत. मी धावत जाऊन मोबाईल धरला.

"अगो, आरती सुरू झाली नि तू खुशाल बसतेस काय?" त्या केवढ्यांदा ओरडल्या!

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मोबाईल त्यांच्या हातात न देता माझ्याच कमरेला खोचला आणि त्यांच्या टाळ्यांवर मीही टाळ्या धरल्या.

आता तेच कीर्तन परत पहिल्यापासून चाललंय. इतका वेळ कानात ठेवले तर चालतात ना हो? कुणी वापरत असाल तर सांगा, कारण त्या काही काढू देत नाहीत.