थोरल्या अप्पांचं निमंत्रण रांगेच्या शेपटाला

सोनपेठच्या बाजारात नागनाथअप्पांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. त्यांची लेक महेश्वरी नांदेडला कॉम्प्युटर शिकून आली आणि बापाच्या यंत्राशेजारी टेबल टाकून बसली. पुण्याला नोकरी होती, गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, लग्नं काय पुण्यातच होतात का?

तिचा धंदा ऐकण्यासारखा आहे. लग्नघरानं पाहुण्यांची नावं पाठवायची. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा व्हिडिओ तयार होतो, तोरणाखाली त्याचंच नाव, मागं सनई, आणि तो त्याच्या मोबाइलवर जाऊन पडतो. आलेली नावं कॉम्प्युटरात रांगेत उभी राहतात. रांगेच्या तोंडाशी एक प्रोग्राम बसलेला असतो, त्याला महेश्वरी ‘गडी’ म्हणते. गडी पहिलं नाव उचलतो, व्हिडिओ करतो, पाठवतो, झाल्याची खूण करतो आणि मगच दुसऱ्याला हात लावतो. महेश्वरी गिऱ्हाइकाशी बोलत असो की भाकरी खात असो, पडद्यामागं गड्याचं काम सुरूच.

पुण्याच्या मैत्रिणीनं तिला सुचवलं होतं, चार गडी लाव, काम झटक्यात होईल. महेश्वरी हसली. चार गडी लावले तर कुणाचा व्हिडिओ आधी पुरा होईल याचा नेम नाही. धाकटा मेव्हणा थोरल्या मामाच्या आधी पोचायचा आणि मामा मांडवात येऊन पाण्याला शिवायचा नाही. आपल्याकडं जेवणात काय होतं हे लोक विसरतात, बोलावणं कुणाला आधी आलं हे विसरत नाहीत. म्हणून गडी एकच.

मग तिचंच लग्न ठरलं, चुडावा गावच्या मुलाशी. रांगेत पहिलं नाव कुणाचं, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. राणीसावरगावचे थोरले चुलते ईश्वरअप्पा. किराणा दुकानदार माणूस, गुळाच्या ढेपेसारखा, वरून टणक. महेश्वरी लहानपणी सुट्टीला गेली की ते तिला दुकानाच्या तराजूत बसवायचे, दुसऱ्या पारड्यात शेंगदाणे टाकायचे आणि गिऱ्हाइकांना थांबवून ठेवायचे. लग्नात तिला मांडवात हाताला धरून आणायचं ते त्यांनीच, हे तिनं शाळेत असतानाच सांगून ठेवलं होतं.

पत्रिका आणि अक्षता घेऊन नागनाथअप्पा दोन दिवसांनी राणीसावरगावला जाणारच होते. पण पहिला व्हिडिओ थोरल्या अप्पांनाच जावा म्हणून महेश्वरीनं त्यांचं नाव मन लावून लिहिलं. साधं नाव तिला पुरेना. शिवभक्तपरायण लिहिलं, प्रातःस्मरणीय लिहिलं, आमच्या घराण्याचे आधारस्तंभ लिहिलं, आणखी काय काय लिहिलं. मग सगळी नावं रांगेत सोडून ती शालू घ्यायला आईबरोबर परभणीला गेली.

दुसऱ्या दिवशी राणीसावरगावहून काकूंचा, शांतम्मांचा फोन आला. अप्पांच्या दुकानासमोर आश्रुबाची चहाची टपरी आहे. आश्रुबानं आपल्या नावाचा व्हिडिओ अप्पांना मोठ्या कौतुकानं दाखवला होता. अप्पांनी स्वतःचा मोबाइल उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. घरी येऊन लग्नासाठी आणलेला फेटा त्यांनी पेटीत खाली घालून ठेवला.

“भांडले असते तर बरं झालं असतं, माय,” काकू म्हणाल्या. “बोलंनाच गेलेत. लग्नाला तू एकटी जा म्हनायलेत.”

महेश्वरीनं कॉम्प्युटर उघडला आणि रांग तपासली. एवढं लांबलचक नाव तोरणाखालच्या चौकटीत मावलं नव्हतं, म्हणून व्हिडिओच झाला नव्हता. आणि जे काम अडेल ते रांगेच्या शेपटाला टाकायचं, पुढच्यांचा खोळंबा करायचा नाही, हे तिनंच गड्याला शिकवलेलं. गड्यानं अप्पांना इमानानं शेपटाला नेऊन उभं केलं. पुन्हा पाळी आली, पुन्हा अडलं, पुन्हा शेपटाला. दूधवाला गेला, सोनार गेला, नवऱ्याचे मित्र गेले. रांग रिकामी झाली आणि त्यात एकटे अप्पा उरले. कालपासून ते दाराशी येत होते आणि गडी त्यांना मागं पाठवत होता.

तिनं पर्स उचलली, गंगाखेडला बस बदलली आणि राणीसावरगावला उतरून तडक दुकानात गेली. शरणार्थ म्हणत वाकून नमस्कार केला. अप्पा साखर मोजत होते.

“शरणार्थ,” ते म्हणाले, “चहा आश्रुबाकडं घे. तो घरचा हाय.”

महेश्वरीनं टोमणा गिळला आणि पोत्यावर बसून रांग, गडी, चौकट सगळं सांगितलं. अप्पांनी पुडी बांधली, दोरा तोडला.

“तुझा गडी मला वळखत न्हाई का?”

“न्हाई ना अप्पा. त्याला नुस्तं नाव दिसतंय. आन् ते मीच लय मोठं लिहून ठेवलं.”

“काय लिव्हलंस असं? दाखव.”

तिनं मोबाइल पुढं धरला. अप्पांनी चष्मा लावून ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. अर्ध्यात दम घेतला. शेवटाला येईतो चष्म्याच्या काचा पुसायची वेळ आली. साखर उडाली असेल.

“हे समदं मीच का?” त्यांनी विचारलं. मग मोबाइल परत देत म्हणाले, “एवढं ओझं घिऊन कोन आत जाईल, माय? तू मला काय म्हन्तीस, त्येच लिव्ह.”

तिनं तिथंच बसून सगळं खोडलं आणि दोनच अक्षरं ठेवली, अप्पा. गड्यानं ती उचलली. चौकटीत इतकी जागा उरली की सनई संपली तरी अप्पा तोरणाकडंच बघत होते.

पण व्यवहार म्हणजे व्यवहार. त्यांनी रस्त्यापलीकडं हाक मारली, “आश्रुबा, तुझ्याकडचं पुसून टाक. तुला माझ्या मागून परत येनार हाय.”

आश्रुबानं हात फडक्याला पुसले आणि निमूटपणे व्हिडिओ पुसला. महेश्वरीनं त्याला दुसऱ्यांदा बोलावणं पाठवलं. टपरीवर सनई वाजली तेव्हा अप्पांनी मान डोलावली आणि काकूंना निरोप धाडला, पेटीतला फेटा वर काढून ठेव, त्याला घड्या पडतील.

सोनपेठला परतल्यावर महेश्वरीनं गड्याला नवी शिकवण दिली. काम अडलं की शेपटाला ढकलायचं नाही, तिथंच थांबायचं आणि तिला हाक मारायची. आता कधीमधी रांग तुंबते, लग्नघरवाले फोन करून कुरकुरतात. ती शांतपणे सांगते, पुढं थोरलं माणूस उभं आहे, त्यांना आत घेऊ द्या.