टाकीत पाणी आहे की नाही

आमची मावशी ठार बहिरी आहे, अशी इमारतभर आवई आहे. उठवली तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, नाकातून: "बेल दाबदाबून बोट सुजलं हो माझं! दगडाला पाझर फुटेल, पण हिचं दार उघडायचं नाही."

साफ खोटं. मावशीचे कान इतके तिखट, की जिन्यातल्या चपलांच्या फटफटीवरूनच ती काकूंना ओळखते. म्हणूनच तर दार उघडत नाही. काकू आल्या की विचारणार, "काय गं, बोलावलं का परत?"

मावशीची नोकरीच मुळी ऐकण्याची. कुंपणापलीकडच्या संशोधन केंद्रात पाण्याची एक भलीमोठी टाकी. पाणबुडीत बसवायचे पंप तिच्यात बुडवून चालवायचे, साहेबांनी सगळ्यांना गप्प करायचं आणि कोणता कुरकुरतो ते मावशीने कानाला यंत्र लावून सांगायचं. पंप कुरकुरला, की शत्रूला पाणबुडीचा पत्ता लागलाच म्हणून समजा. मग सरकारने संरक्षण संशोधनाच्या खर्चाला कात्री लावली आणि काम थांबलं. "अंहं, अंहं, तात्पुरतं हं," साहेब दोनदा खाकरून म्हणाले. बाकीचे पांगले. मावशी वाट बघत राहिली. लग्न नाही, मूलबाळ नाही. होती ती टाकी.

"त्या पैशात दवाखाना होईल," काकूंनी जिन्यात गाठून सुनावलं.

"होऊ दे की. व्हायलाच हवा," मावशी म्हणाली, आणि त्यानंतर दिवसभर कोणाशी बोलली नाही. तसं बोलायला होतं तरी कोण?

खिडकीशी बसलं की टाकीच्या दालनातला मोठा पंखा ऐकू यायचा. तेवढीच सोबत.

परवा मी म्हटलं, "मावशे, पंखा चालू आहे म्हणजे टाकी भरलेली आहे. बोलावणार तुला!"

"टाकी उपसली गं. कालपासून पंखा घुमतोय. खाली पाणी असताना असा घुमत नाही तो."

"काहीतरीच! लाव पैज."

"लावली. पण बाळा, तूच जिंक."

आम्ही कुंपणाशी गेलो. रखवालदार जांभई आवरत म्हणाला, "टाकी? काल दुपारीच रिकामी केली की. आता जुन्या खुर्च्या ठेवणारेत तिथे."

घरी येऊन मावशी खिडकीशी बसली. मीच विचारलं, "हरले बाई. काय देऊ?"

"साहेबांचा आवाज काढतेस ना? काढ."

मी हनुवटी छातीला टेकवली. दोनदा खाकरले. "शांतता! पंप सोडतोय!"

मावशीने डोळे मिटले, मान जराशी कलती केली आणि ऐकत राहिली.