काळ्या पडद्यावरची रेघ

सकाळी बायकोने लॅपटॉप उघडला, तर पडदा काळाच. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यात होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"तू काही केलंस का रे?"

"नाही," मी म्हणालो. आदल्या दुपारी तिला न विचारता मीच लॅपटॉप चालवणारी प्रणाली, लिनक्स, अपग्रेड केली होती.

तासभर खटपट केल्यावर लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या यादीत लिनक्सची जुनी आवृत्ती सापडली. नवी आली तरी लिनक्स जुनी लगेच पुसत नाही. आपलं चुकू शकतं, हे ते आधीच मान्य करून बसलेलं असतं. मला पन्नाशीतही एवढं जमलेलं नाही. माझा प्रत्येक नकार त्या पडद्यासारखाच. आत सगळं चालू, बाहेर काही दिसू द्यायचं नाही.

जुन्या आवृत्तीची ओळ निवडली आणि पडदा उजळला. प्रकरण जसंच्या तसं होतं.

"काल मीच अपग्रेड केलं होतं," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "ठाऊक होतं. आणि मागच्या वर्षी पाण्यात पडलेला माझा फोन?"

रेघ आता तिच्या अर्ध्या वाक्यापाशी लुकलुकत थांबली होती.

"तोही मीच पाडला."