वर्गाबाहेर काढलेले व्याही

परदेशातल्या युनिव्हर्सिटीत जाणारा माणूस आहे मी, हे आधीच सांगून ठेवतो. तिथं काय केलं म्हणाल, तर झोपलो, आणि जाग आल्यावर दिवे लावायच्या ऐवजी घालवले. पण माझं सोडा, माझी अक्कल अख्ख्या हडपसरला माहीत आहे. मला सांगायचंय ते आमच्या व्याह्यांबद्दल, म्हणजे सूनबाईच्या वडलांबद्दल. शिकण्याला एवढा हावरट माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. पंगतीत काही लोक कसे जिलबी वाढणाऱ्याच्या हातावरची नजर काढत नाहीत, तसे आमचे व्याही शिकवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात. आणि पुन्हा वाढणारा पुढं सरकला की यांचा चेहरा पडतो.

व्याही नाशिकचे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. माझा हडपसरला मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. मी सातवीत शाळा सोडली असं मी म्हणतो. गुरुजी म्हणायचे, शाळेनं सुटका करून घेतली. मुलानं आणि सूनबाईनं ऑकलंडला फ्लॅट बुश नावाच्या भागात नवं घर घेतलं आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकदमच बोलावून घेतलं. घर एवढं मोठं, की पहिले काही दिवस मी बाथरूम शोधत गॅरेजमध्ये निघायचो. आजूबाजूला अर्धी घरं अजून बांधायची होती. रस्त्यावर माणूस दिसेना, दुकानात जायचं तर गाडी पाहिजे. मला बरं होतं, सोफा होता, टीव्ही होता. अडचण झाली ती व्याह्यांची.

त्यांच्याकडे जुनी रीत, मुलीच्या घरी पाणीसुद्धा मोजून प्यायचं. ते स्वतः या रीतीला हसायचे. "व्याहीबुवा, कुठल्या काळातल्या गोष्टी हो!" म्हणायचे, पण हसता हसता तिसरी पोळी परत करायचे. रीत डोक्यातून गेली होती, पाठीच्या कण्यातून गेली नव्हती. मी सोफ्यावर आडवा पसरलेला, आणि हे शेजारी, डॉक्टरच्या बाहेर नंबर लावून बसल्यासारखे, खुर्चीच्या काठावर. मी खोलीत आलो की उठून उभे. म्हटलं, "अहो बसा की आरामात." तर म्हणायचे, "नाही नाही, निघतोच आहे." आता त्या फ्लॅट बुशमधून हा माणूस निघून जाणार कुठं? बागेला एक चक्कर मारायचे आणि परत येऊन काठावर बसायचे.

एक दिवस मुलाबरोबर गाडीतून गेले ते संध्याकाळी उजळ तोंडानं परत आले, नोकरी लागल्यासारखे. झालं होतं असं, की शहरात भटकताना वारा फार बोचायला लागला, म्हणून हे एका उघड्या दारातून आत शिरले. ती निघाली युनिव्हर्सिटी. आत मोठा हॉल, उतरत्या खुर्च्या. मागं दाराजवळ बसले. एक बाई आल्या आणि ज्वालामुखीवर बोलायला लागल्या. तास संपल्यावर आमचे व्याही गेले त्यांच्यापुढं आणि हात जोडून सगळं कबूल करून मोकळे झाले. मी विद्यार्थी नाही, फी भरलेली नाही, परवानगी नसताना मी आपलं सगळं ऐकलं. बाई हसल्या. म्हणाल्या, मागं खुर्च्या रिकाम्याच असतात, तुम्हाला आवडत असेल तर येत जा. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, नुसतं ऐकायचं. "फुकट!" व्याही आम्हाला सांगत होते. "विद्या, आणि तीसुद्धा फुकट!" मी म्हटलं, "फुकट झाली म्हणून काय झालं, मी तर पैसे दिले तरी घेणार नाही."

मग त्यांचा जो थाट सुरू झाला म्हणता! सात वाजता इस्त्रीची पँट, बिनबाह्यांचा स्वेटर, डबा, आणि पाठीवर नातीचं जुनं दप्तर, गुलाबी, त्याच्यावर मांजर. नात म्हणाली, "आजोबा, that's so embarrassing." तर हे म्हणाले, "बाळ, दप्तराच्या आत काय आहे ते महत्त्वाचं." आत केळं असायचं. मुलाची नोकरी पेनरोजला, कारखान्यात. तो यांना तिथं स्टेशनवर सोडायचा, पुढं ट्रेन. गाडीत पुढची सीट रिकामी असली तरी हे मागं बसायचे. पुढची सीट वरपक्षाची! मी घरी झोपलेला असलो तरी माझी सीट पुढं राखून ठेवलेली.

वर्गात बाई आत आल्या की हे उभे राहायचे. दोन-अडीचशे पोरं बसलेली, कुणी जँडल, म्हणजे स्लिपर, काढून पाय पुढच्या खुर्चीवर टाकलेले, आणि मागं दाराजवळ आमचे व्याही एकटे उभे, ताठ. बाईंनी सांगितलं होतं, मला नावानं हाक मारा, ज्युलिया म्हणा. यांना ते मरेपर्यंत जमलं नसतं. "मॅडम" म्हणायचे, आणि पाठीमागंसुद्धा "मॅडम आल्या होत्या, मॅडम म्हणाल्या." दुसरी खोड म्हणजे दाद. नाशिकला हे गाण्याच्या बैठकांना पुढं बसणारे. इथं मॅडमनी लाव्हारस कसा वर येतो ते सांगितलं की यांच्या तोंडून मोठ्यानं निघायचं, "वा! क्या बात है!" आणि मांडीवर थाप.

रात्री जेवताना तोच तास आम्हाला. भात म्हणजे डोंगर, मध्ये खड्डा, त्यात आमटी. आमटी खड्डा फोडून बाहेर आली की म्हणायचे, "बघा, अस्संच!" एकदा सगळे माउंट वेलिंग्टनच्या मोठ्या मॉलमध्ये गेलो. सूनबाई सेलमध्ये टॉवेल बघतेय, आणि हे पार्किंगमध्ये उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला इथल्या माओरी भाषेत नमस्कार करून समोरचा डोंगर दाखवतायत. "किया ओरा! दॅट इज व्होल्कॅनो!" एक दाढीवाला गोरा ट्रॉली सोडून थांबला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, मेट." व्याही मला म्हणाले, "बघा, किती नम्र आहे! कळलं म्हणाला."

आता यात मी कुठं आलो? मी घरी बसून गॅरेजच्या दाराची करकर काढायला गेलो. करकर गेली, पण दारही उघडेना, आणि गाडी आत. मुलगा त्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीतून कामावर गेला. आमची ही म्हणाली, "उद्यापासून तुम्ही व्याह्यांबरोबर जायचं. तिथं तुम्हाला हात लावण्यासारखं काही नसेल." व्याही काय बोलणार? मुलाच्या बापाला नाही कोण म्हणतं? "आनंद आहे, आनंद आहे," म्हणाले, आणि डब्यात माझ्यासाठी दोन पोळ्या वाढवल्या.

तुम्हाला माझ्या धंद्यातली एक गोष्ट माहीत पाहिजे. आयुष्यभर मी सभांना लाउडस्पीकर लावले. भाषण सुरू झालं की आम्ही स्टेजच्या मागं अँप्लिफायरला टेकून झोपणार. पुढारी, कीर्तनकार, कुणीही असो, मला आवाज लागला की अंगाई. जाग यायची ती फक्त माइकनं शिट्टी मारली की. मग डोळे उघडायच्या आधी हात वायरवर पाहिजेत, नाहीतर पैसे कापले जायचे.

तर त्या हॉलमध्ये गरम हवा, मऊ खुर्ची, आणि मॅडमचा गोड आवाज. व्याही उभे राहून खाली बसायच्या आत मी घोरायला लागलो होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मॅडम बोलता बोलता स्पीकरपाशी गेल्या असणार, माइकनं शिट्टी मारली, कुईंऽऽऽ! मी उठलो. म्हणजे माझं शरीर उठलं, मी अजून हडपसरलाच होतो. धाडधाड पायऱ्या उतरलो, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" असं ओरडत स्टेजवर गेलो आणि हाताला लागली ती वायर ओढली. शिट्टी चालूच राहिली. पडद्यावर मात्र मोठा लालभडक ज्वालामुखी पेटलेला होता, तो एका हिसक्यात विझला. आजवर कुणाला जमलं नसेल ते मी केलं. अंधारात पोरं टाळ्या वाजवायला लागली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, आपण जरा बाहेर थांबता का, प्लीज.

मी बाहेर आलो. वळून बघतो तर माझ्यामागं व्याही, दप्तरासकट. मी म्हटलं, "चला, कँटीनला कॉफी पिऊ." ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. हात मागं, मान खाली. म्हणाले, "आपल्याला बाहेर काढलंय, व्याहीबुवा." म्हटलं, "मला काढलंय हो." "मी आणलं होतं ना तुम्हाला," म्हणाले. आणि तास संपेपर्यंत तसेच उभे. मॅडम येतील आणि आत बोलावतील म्हणून. मॅडम पुढच्या दारानं निघून गेल्या. पोरं बाहेर पडताना यांना "हाय" करून जात होती, आणि ह्या पांढऱ्या केसांच्या माणसाला मान वर करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पँटीला इस्त्री नाही. "कणकण वाटते," म्हणाले. तिसऱ्या दिवशीही कणकण. मग मटार सोलत खुर्चीच्या काठावर बसायला लागले. मी म्हटलं, "अहो, जा की. कोण अडवतंय?" तर म्हणाले, "गुरूनं वर्गाबाहेर काढल्यावर गुरूनं बोलावल्याशिवाय आत जात नसतात." अन् पुन्हा मटार. मला एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होतो, हा माणूस एकदा तरी मला झापेल, गाढवा म्हणेल. पण मुलीचा बाप, मुलाच्या बापाला झापणार कसा? उलट मी टीव्ही लावला की आवाज पुरतोय का म्हणून विचारायचे. तो टीव्ही मला गिळेना. जेवताना भातात खड्डा करणं बंद झालं. तिसरी पोळी होतीच, आता दुसरीही परत जायला लागली.

शेवटी हिनंच मला धरलं. "तुम्हाला शाळेतून बाहेर काढायचे तेव्हा काय करायचात?"

"पळून जायचो."

"आणि गुरुजी काय सांगायचे?"

"पालकांना घेऊन या."

"मग जा की त्यांचे पालक होऊन."

झालं. मी डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या गुजराती भाईच्या दुकानातून, एक नारळ घेतला आणि विचारत विचारत मॅडमच्या खोलीशी पोचलो. त्यांनी मला बघितलं आणि आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडं बघितलं. मी म्हटलं, "आय अ‍ॅम पॅरेंट. दॅट ओल्ड मॅन, लास्ट चेअर. आय हिज पॅरेंट."

"ते तुमच्यापेक्षा मोठे दिसतात," मॅडम म्हणाल्या. इंग्रजीत, मला जेवढं कळलं तेवढं सांगतोय.

"येस," म्हटलं, "व्हेरी बिग प्रॉब्लेम."

मग मी हातवारे करून सगळं सांगितलं. वायर, भिंत, मटार. मॅडमनी कपाळाला हात लावला. "पण मी बाहेर जा तुम्हाला म्हटलं होतं! त्यांना कोण म्हणालं?"

"त्यांना कुणी म्हणावं लागत नाही."

"मग दुसऱ्या दिवशी का नाही आले?"

"यू नॉट कॉल."

मॅडम म्हणाल्या, मला वाटलं आजारी पडले. सुरुवातीला ते उभे राहायचे तेव्हा मला वाटायचं, यांना टॉयलेटला जायचंय. आता कुणी उभंच राहत नाही, तर मला कळत नाही सुरू कधी करायचं. मग त्यांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, घरचा नंबर सांगा. मला नंबर पाठ नव्हता, मी डायरीतून वाचून दाखवला, तोही एकदा चुकलो.

पलीकडचं हिनं नंतर सांगितलं. व्याह्यांनी फोन घेतला, आवाज ओळखला आणि मटाराची परात मांडीवर असतानाच उभे राहिले. "येस मॅडम, येस मॅडम," एवढंच. मटार सगळ्या हॉलभर. आणि फोन ठेवल्या ठेवल्या, भर दुपारी, पँटीला इस्त्री.

मी निघताना नारळ फोडायला उंबऱ्याशी वाकलो, तर मॅडम घाईनं म्हणाल्या, नको, नको, राहू दे. आणि तुम्ही पालक आहात ना? आमच्याकडे पालक मुलांना सोडून फाटकावरूनच परत जातात.

पुढं विहीणबाईंचे गुडघे इथल्या थंडीनं धरले आणि दोघं नाशिकला परत गेले. एअरपोर्टवर व्याही लेकीला काही बोलले नाहीत, नातीला काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "ज्वालामुखी झाले हो, भूकंप राहिले." गुलाबी दप्तर घरीच ठेवून गेले. घरात सोफा पूर्ण माझा झाला, आणि मीच काठावर बसायला लागलो. एक दिवस ते दप्तर घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, खुर्ची रिकामीच आहे, बसा, पण वायरला हात नाही. आता मी जातो. मॅडम आल्या की उभा राहतो. परवा माझ्या पुढच्या रांगेतलं एक पोरगंही उठून उभं राहिलं. त्याला बहुतेक वाटलं, आग लागली.

दर रविवारी फोनकार्ड खरवडून आम्ही नाशिकला फोन लावतो. मुलगी, नात, सगळ्यांशी बोलून झालं की व्याही मला मागून घेतात. गेल्या रविवारीही घेतलं.

"कुठवर आलंय?"

"भूकंप चाललेत."

"वा! काय सांगितलं मॅडमनी?"

मी म्हटलं, "भूकंपाचंच काहीतरी." मध्येच कार्डातली बाई बोलली, एकच मिनिट उरलंय म्हणून.

"झोपलात?"

"जरासा डोळा लागला."

उरलेल्या मिनिटात व्याह्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला.

"त्या खुर्चीवर जागं राहायचं नसेल ना, तर उठा तिथून. रिकामी राहिली तरी चालेल."