माझा फुकटचा, तिचा विकतचा

नगरच्या सावेडीतल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढते. दिवसभर कॉम्प्युटरवर भिंती, जिने आणि पार्किंग. माझा धाकटा भाऊ सोनईत खतं-औषधांचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर शेतीचा एक गेम खेळत बसायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, यात सगळे परदेशी ट्रॅक्टर आहेत. आपला उसाचा, दोन ट्रॉल्यांचा पाहिजे. तुला जमेल की."

कंपनीच्या गेममध्ये बाहेरच्या कुणी स्वतः बनवून अशी गाडी टाकली तर तिला मॉड म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोन महिने खपून मी ट्रॅक्टर केला, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्या आणि तो खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मोफत आहे. कुणी विकू नये.' बघता बघता तो कुठल्याकुठे पोचला. कोल्हापूर, लातूर, पार उत्तर प्रदेशातनं मेसेज यायला लागले. 'दादा, लई भारी.' 'दादा, आता नांगर टाका.' मी बाई आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. चार वर्षं मी असे मॉड करत राहिले. एकाचाही पैसा घेतला नाही, आणि हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगायचे.

मग भावाचं लग्न झालं. भावजय नेवाशाजवळच्या खेड्यातली. तिचे आईवडील पूर्वी ऊसतोडीला जायचे. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर कारखान्यावर कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत, राहिलेली. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं. एका रविवारी मी सोनईला गेले होते, तर ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी लॅपटॉपवर चाक फिरवून बघत होते. म्हणाली, "ताई, हे मला शिकवाल का?"

मी शिकवलं. जुना लॅपटॉपही देऊन टाकला. फोनवर तासतासभर समजावून सांगायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. कुणीतरी आपल्याला विचारतंय, वहीत लिहून घेतंय, हे सुख वेगळंच असतं.

वर्षभरात तिनं स्वतःचा उसाचा ट्रॅक्टर केला. मला दाखवायच्या आधी जरा चाचरत म्हणाली, "ताई, राग नका मानू. तुमच्या ट्रॉलीतला ऊस भरलेला न्हाई, मांडलेला हाय."

तिचं खरं होतं. माझा ऊस काड्यापेटीतल्या काड्यांसारखा सरळ होता. तिच्या ट्रॉलीत मोळ्या एकमेकींत घुसलेल्या, वाढ्यांचे हिरवे शेंडे बाहेर लोंबलेले, वरून दोर करकचून आवळलेला. गतिरोधक आला की मागची ट्रॉली पुढचीपेक्षा जरा उशिरानं हलायची. मी आयुष्यभर उसाच्या ट्रॅक्टरमागे स्कूटरवर अडकून शिव्या दिल्या होत्या, पण ते हलणं मला कधी दिसलं नव्हतं.

"छान झालंय," मी म्हणाले.

"मी हे विकायला ठेवणार हाय," ती म्हणाली. "पन्नास रुपये."

"अगं, गेम दुसऱ्याचा. त्यावर आपण कसले पैसे घ्यायचे?"

"शिवणारीचं कापड तिचं असतं का ताई? ती शिलाई घेतीच की."

"लोक हौसेनं करतात हे. पैसा आला की हौस मरते."

"माझी न्हाई मरायची," ती सरळ म्हणाली. "तुमाला पगार हाय. मला हेच हाय."

मग तिनं कंपनीचे इंग्रजी नियम माझ्याकडूनच वाचून घेतले. मी एकेक ओळ बारकाईनं वाचली. कुठंतरी 'विकायला मनाई' असं सापडावं म्हणून जीव टांगणीला लागला होता. नव्हतं. स्वतः बनवलेलं विकायला हरकत नाही, असंच लिहिलेलं होतं. ते तिला सांगताना माझा आवाज कसा लागला असेल, मला आजही कल्पना करवत नाही.

तिनं एक छोटा व्हिडिओ केला. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत. 'आमी लहानपनी ज्या ट्रॅक्टरवर बसून गेल्तो, तो हा.' लोकांनी पैसे भरून ट्रॅक्टर घेतला. खाली मेसेज होते, 'ताई, लई भारी.' तिला पहिल्याच दिवशी ताई म्हणाले. मी चार वर्षं दादाच होते. आणि ज्या ग्रुपवर माझं कौतुक व्हायचं तिथंच एकानं लिहिलं, 'फुकटातला पण बघितला. फुकटात तसंच मिळणार.'

आईचा फोन आला की तेच. "तुझ्या भावजयीनं मला डोळ्याचा चष्मा करून दिला, स्वतःच्या कमाईचा." मी तिला कितीदा काय काय नेऊन दिलं होतं, पण पगारदार मुलीनं दिलेलं कुणी फोनवर सांगत नाही.

एक दिवस दुपारी जेवायच्या सुट्टीत ऑफिसात कुणी नव्हतं. भावजयीनं तिचा ट्रॅक्टर मला आधीच पाठवून ठेवला होता, 'ताई, तुमाला' म्हणून. मी खोट्या नावानं खातं काढलं आणि तिची फाईल त्या ग्रुपवर फुकट टाकून दिली. डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली. ज्ञान सगळ्यांसाठी खुलं असावं, असं काहीतरी मनाशी म्हटल्याचंही आठवतं.

दोन दिवसांत तिची विक्री थांबली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, कुनीतरी माझा ट्रॅक्टर चोरला. कोन आसंल?" मी म्हणाले, शोधूया. आठवडाभर मी तिच्याबरोबर चोर शोधला. या मुलावर संशय, त्या मुलावर संशय. तिनं एकाला तर मेसेज करून झापलंही, आणि मी ते होऊ दिलं.

पुढच्या शनिवारी ती न सांगता एसटीनं नगरला आली आणि रिक्षा करून माझ्या फ्लॅटवर. मी चहा टाकला. ती टेबलाशी बसली आणि फोनवर ग्रुपवरचा तो फुकटचा ट्रॅक्टर उघडून माझ्यापुढे सरकवला. मागच्या ट्रॉलीतल्या उसाच्या टोकाला एक लाल चिंधी बांधलेली होती.

"ही चिंधी विकायच्या ट्रॅक्टरला न्हाई," ती म्हणाली. "काल हा उतरवून बघितला तवा दिसली. तुमी मला शिकवलं, म्हनून तुमच्यात काहीतरी येगळं टाकावं वाटलं. ते तुमी बघितलंच न्हाई व्हय?"

मी बघितलं नव्हतं. फाईल उघडली होती ती फक्त ग्रुपवर टाकण्यासाठी.

"का केलं?"

सांगायला बरंच होतं. हौस, गेम दुसऱ्याचा, खुलं असावं. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना. "मी जळले," मी म्हणाले. "तुला जमलं आणि वर लोकांनी पैसे दिले, ते मला सोसलं नाही."

ती रडली नाही. चहाही प्यायली. मग म्हणाली, "जे केलं ते तिथंच लिहा. तुमच्या खऱ्या नावानं. त्या पोराला मी उगंच बोलले, त्याला बी सांगा."

मी तिच्यासमोर लिहिलं. फाईल काढली, त्या मुलाची माफी मागितली. दादा म्हणणाऱ्यांना एकदमच कळलं की मी बाई आहे आणि चोरही. दोन-तीन दिवस बरंच ऐकून घेतलं. भावाला तिनं काही सांगितलं नाही, मीच सांगितलं. तो पुढं महिनाभर माझ्याशी बोलला नाही. ती मात्र बोलत होती. भाऊबीजेला तिनं माझ्या आवडीच्या करंज्या केल्या. फक्त त्यानंतर तिनं मला एकही फाईल पाठवली नाही, एकही शंका विचारली नाही.

मध्यंतरी मीही एक मॉड विकायला ठेवला: शेतातला बंगला, आत जिना, बाहेर गाडीची शेड. घराचं मला कळतं, असं वाटलं होतं. सहा जणांनी घेतला. त्या सहाजणांची नावं माझ्या तोंडपाठ आहेत. हौस मेली नाही. उलट रोज ऑफिसात फोन उघडून सातवा आला का बघते.

परवा तिचं ऊस तोडणारं मशीन आलं. मी पूर्ण पैसे भरून घेतलं, माझ्याच नावानं. संध्याकाळभर चालवून बघितलं. फार सुंदर केलंय. वळताना मशीनचं तोंड जसं जड होतं, ते तिनं बरोबर धरलंय. दीड तासानं मला एक चूक सापडली. डावीकडचा इंडिकेटर लावला की उजवीकडचा लागतो.

तिला अजून सांगितलेलं नाही.