डिंक घातलेला चुना

वाळलेल्या भिंतीवरून तळहात घासायचा आणि तो समोरच्याच्या नाकापुढं धरायचा, ही तात्यांची सवय. "लागला का हाताला?" आपण 'नाही' म्हणायचं, मग ते बादली उचलायचे. घरचं कार्य असल्यासारखं सरकारी काम करणारा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमचे तात्या त्यात जरा जास्तच होते.

इंदापुरात नगरपालिकेचं चुना मारायचं काम त्यांच्याकडं होतं आणि मी तिथं नवखा कारकून. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. निवडणूक लागली आणि नोटीस मीच लिहिली: मतदानाच्या शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांत कुठल्याही उमेदवाराचं निशाण दिसता कामा नये. मी टेपनं मोजायचं, तात्यांनी पुसायचं. छत्री आणि घोडा, चुरस या दोनच निशाणांत होती.

तात्या चुन्यात डिंकाचं पाणी घालायचे. नुसता चुना हाताला लागतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं निशाण पुन्हा डोकं वर काढतं. "चुन्याला पक्ष नसतो, भाऊसाहेब," ते म्हणायचे, "पर डिंक पायजेच."

मतदानाच्या आदल्या दुपारी छत्रीवाले पंधराएक जण कचेरीत घुसले. पुढच्याच्या हातात काठी होती.

"आमच्या सात छत्र्या पुसल्या. आन् ह्या तात्याच्या सोताच्या भिंतीवर घोडा हाय, त्यो?"

 घोडा होता खरा, पण तो लग्नातला. लग्नघराच्या भिंतीवर घोडा, नवरदेव आणि नवरीचं नाव काढायची आमच्याकडं रीत. तात्यांच्या लेकीनं त्या घोड्याचा डोळा स्वतः काजळानं भरला होता. वर्षाच्या आत ती वालचंदनगरला सासरी, पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा एकही फोटो नव्हता. घरात तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. त्याला कुणी निशाण म्हणेल, हे मला सुचलंच नव्हतं.

"अहो, लग्नाचा घोडा आहे तो," मी म्हणालो.

"घोडा त्यो घोडाच. आज पुसा, न्हायतर उद्या शाळेचं दार उघडू देणार न्हाय!"

बाहेर घोडेवालेही जमले होते. "घोड्याला हात लावून दाखवा, मग बघतो," त्यातला एक ओरडला.

तात्या कोपऱ्यातून उठले. "भाऊसाहेब, टेप घ्या."

दोन्हीकडची माणसं मागं घेऊन आम्ही निघालो. शाळेच्या फाटकापासून तात्यांच्या भिंतीपर्यंत मोजताना मी टेप मुद्दाम सैल धरला. एकशे एक यार्ड भरले. तात्या म्हणाले, "ताणून धरा." पुन्हा मोजलं, सत्त्याण्णव भरले.

"वरून पोतं टाकू," मी हळूच म्हणालो. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"छत्र्यांवर पोतं टाकलं व्हतं का आपण?"

 त्यांनी कुंचा बादलीत बुडवून ढवळला आणि थांबले. "डिंक कुठंय?"

डिंकाचं भांडं मी जाणूनबुजून कचेरीत ठेवून आलो होतो. नुसता चुना चार महिन्यांत सुटला असता आणि घोडा परत दिसला असता. "राहिला," मी म्हणालो. "आज राहू द्या ना, तात्या."

"त्या सात जणांच्या भिंतींवर डिंक घालूनच मारलाय, भाऊसाहेब. घेऊन या."

मी आणला. मला त्यांचा फार राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

त्यांनी आधी घोड्याचे पाय पुसले, मग नवरदेव, मग लेकीचं नाव. गर्दी पुढं सरकत होती. तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उंबऱ्यात उभ्या होत्या. कुंचा घोड्याच्या तोंडाशी आला तेव्हा म्हणाल्या, "अवो, डोळा तेवढा ऱ्हाऊ द्या की. डोळ्याला कोण मत देतंय?"

 काठीवाल्यानं काठी खाली टेकवली. "ऱ्हाऊ द्या, तात्या," तोच पुटपुटला.

तात्यांनी डोळ्यावरून कुंचा फिरवला. एकदा, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी मतदान शांततेत पार पडलं. कोण निवडून आलं, ते आता मला आठवत नाही. त्यानंतरही आम्ही पुष्कळ भिंती पुसल्या, पण तात्यांनी माझ्यापुढं कधी तळहात धरला नाही.

काही वर्षांनी तात्या गेले. तेराव्याला गेलो, तेव्हा दारची भिंत पांढरीच होती. निघताना कुणी बघत नाहीसं पाहून, डोळा होता तिथं मी तळहात जोरानं घासला.

काकू मागं उभ्या होत्या. "लागला का हाताला?" त्यांनी विचारलं.

मी हात पुढं केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला आणि कितीतरी वेळ पाहिला. हात स्वच्छ होता.