सोमवारचे टॉवेल

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. त्याच्या मालकाचं कात्रीपेक्षा तोंड जास्त चालतं. माझ्या गळ्याला दर वेळी विटका, खरखरीत टॉवेल. कपाटात मात्र पांढरेशुभ्र, मऊ टॉवेल घडी घालून ठेवलेले. एकदा वैतागून म्हणालो, "त्यातला एक काढा की!"

"त्ये सोमवारचं हाईत."

सोमवारी तर सलून बंद असतं. मला वाटलं, थट्टा करतोय.

मग माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं. दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडायचे, आमच्याकडे बघायचेही नाहीत. सोमवारी सकाळी हा गृहस्थ पेटी घेऊन वॉर्डात शिरला. प्रत्येकाला नवं ब्लेड लावून दाढ्या करत आमच्या खाटेशी आला. कुणाचा चहासुद्धा घेईना. वडिलांच्या गळ्याशी पांढरा टॉवेल अलगद खोचला आणि उसाच्या, पावसाच्या गप्पा सुरू केल्या. समोरून उत्तर येत नाही, याची त्याला जणू खबरच नव्हती.

शेवटी त्याने दुकानातल्यासारखा आरसा धरला. "आवं अण्णा, बघा, मिशी बराबर झाली का?"

वडील बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. मग चालता हात हळूहळू उचलून त्यांनी मिशीच्या एका टोकावर बोट ठेवलं.

"व्हय की! लय बारीक नजर हाय तुमची," म्हणत तो पुन्हा कात्री घेऊन वाकला.

हल्ली तो खरखरीत टॉवेल गळ्याशी आला, की मी मुकाट मान पुढे करतो.